वास्तू ‘तथास्तु’ म्हणते तेव्हा

(सरांच्या स्मृतिप्रीत्यर्थ दरवर्षी होणाऱ्या व्याख्यानमालेतलं भाषण, थोड्या काटछाटीसह.)



सर आम्हाला चित्रकला शिकवायचे आणि महिन्यातल्या एका शनिवारी शाळेच्या हॉलमध्ये सिनेमा दाखवायचे. सोळा मिलिमीटरचा प्रोजेक्टर, भिंतीवर खिळे मारून ताणलेली पांढरी चादर, आणि रीळ बदलेपर्यंत चालणारी कुजबुज. मी नववीत असताना त्यांनी रॉबर्ट वाइझचा ‘द हॉन्टिंग’ लावला होता. १९६३ सालचा, कृष्णधवल. आमचं इंग्रजी यथातथाच, म्हणून मधूनमधून सर उठून दोन वाक्यांत पुढची गोष्ट सांगत. त्यात एक प्रसंग आहे. चार माणसं रात्री एका दिवाणखान्यात जीव मुठीत धरून बसली आहेत. दाराबाहेर काहीतरी आलेलं आहे. धडका थांबतात, आणि मग ते जाडजूड लाकडी दार आत फुगायला लागतं, एखाद्या जनावरानं श्वास घ्यावा तसं. त्या वेळी सर काहीही सांगायला उठले नाहीत.

सोमवारी चित्रकलेच्या तासाला त्यांनी सांगितलं, ‘दारामागं काय होतं ते काढा.’ मी मोठ्या मेहनतीनं उलट्या पायांची, केस सोडलेली हडळ काढली. दहापैकी तीन गुण मिळाले. खाली लाल शाईत शेरा होता : ‘दार बरं आलंय.’

आज मी बोलणार आहे तो सिनेमा मात्र हा नाही. हा ज्या कादंबरीवरून काढला होता तिच्यावरूनच, याच नावानं, १९९९ साली निघालेल्या दुसऱ्या सिनेमाबद्दल बोलायचं आहे. तो फसला हे सगळ्यांनाच माहीत आहे. त्या वर्षीच्या ‘रॅझी’ या टवाळखोर पुरस्कारांसाठी त्याला पाच नामांकनं होती. पण फसलेल्या कलाकृतीवर तासभर बोलायचं तर ती का फसली याचं काहीतरी वेगळं उत्तर हाताशी हवं. ‘भूत दाखवलं, म्हणून फसला’ असं सर्रास सांगितलं जातं. मला ते अर्धंच पटतं.

आधी पुस्तकाकडे जाऊ. शर्ली जॅक्सनची ‘द हॉन्टिंग ऑफ हिल हाउस’ १९५९ साली प्रसिद्ध झाली. त्याआधी अकरा वर्षं, १९४८ साली, ‘न्यूयॉर्कर’मध्ये तिची ‘द लॉटरी’ ही कथा आली होती आणि संतापलेल्या, गोंधळलेल्या वाचकांच्या पत्रांचा पाऊस पडला होता. जॅक्सन व्हरमाँट राज्यातल्या नॉर्थ बेनिंग्टन या छोट्या गावात राहायची. नवरा कॉलेजात प्राध्यापक, चार मुलं, घरभर पुस्तकं. याच बाईनं मुलांच्या उच्छादावर अतिशय गमतीदार पुस्तकं लिहिली, हे तिचं भयकथालेखन वाचताना विसरून चालत नाही. आयुष्याच्या शेवटी शेवटी तिला घराबाहेर पाऊल टाकणंही अवघड झालं होतं. १९६५ साली, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी ती गेली. घर माणसाला सांभाळतं आणि गिळतंही, हे तिला कुणी शिकवायची गरज नव्हती.

हिल हाउस कसं असावं हे ठरवण्यासाठी तिनं जुन्या घरांची छायाचित्रं गोळा केली होती. त्यातलं कॅलिफोर्नियातलं एक घर तिला विलक्षण अशुभ वाटलं, म्हणून तिनं तिकडच्याच आपल्या आईकडे चौकशी केली. आईनं कळवलं, ते घर तर तुझ्या पणजोबांनीच बांधलेलं. हा किस्सा जॅक्सननं स्वतः आपल्या एका व्याख्यानात सांगितला आहे. खरं किती आणि कथालेखिकेचा मीठमसाला किती, ते तीच जाणे.

कादंबरीची गोष्ट चार ओळींत सांगता येते. डॉ. मॉन्टेग्यू या संशोधकाला पछाडलेल्या घराचा अभ्यास करायचा आहे. त्यासाठी तो काही माणसांना बोलावतो आणि येतात फक्त दोघी : थिओडोरा आणि एलेनर व्हान्स. शिवाय घराचा भावी वारस ल्यूक. एलेनर बत्तीस वर्षांची आहे. तिनं अकरा वर्षं आजारी आईची सेवा केली. आई रात्री भिंतीवर ठोठावून औषध मागायची. एका रात्री आई गेली. त्या रात्री आपण ठोठावणं ऐकलं होतं आणि ऐकून पुन्हा झोपलो होतो का, हे एलेनरला नक्की आठवत नाही. आता ती बहिणीच्या घरी आश्रितासारखी राहते. गाडी दोघी बहिणींच्या मालकीची, पण बहीण ती न्यायला नकार देते, म्हणून एलेनर सकाळी गुपचूप गाडी काढून निघते. एवढीच तिची आयुष्यातली बंडखोरी.

पुस्तकातला मला सगळ्यांत आवडणारा भाग हा प्रवासाचा आहे, आणि त्यात भुताचा मागमूसही नाही. वाटेत एलेनरला एका घराच्या दाराशी दगडी सिंह दिसतात. ती लगेच मनात तिथं राहायला जाते, रोज त्या सिंहांवरची धूळ पुसते. पुढं कण्हेरीची रांग दिसते, ती तिथंही एक संसार मांडते. एका खाणावळीत एक लहान मुलगी दूध प्यायला तयार नसते, कारण घरचा तिचा चांदण्यांचा पेला इथं नाही. एलेनर मनातल्या मनात त्या पोरीला विनवते की हट्ट सोडू नकोस. आणि हिल हाउसमध्ये पोचल्यावर थिओडोरानं विचारलं की तू कुठं राहतेस, तर ही सांगते, माझं छोटंसं घर आहे, तिथं दगडी सिंह आहेत, चांदण्यांचा पेला आहे. वाटेतल्या सगळ्या वस्तू तिनं उचलून आपल्या नसलेल्या घरात मांडल्या आहेत. हे वाचताना माझ्या अंगावर काटा येतो. मध्यरात्रीच्या धडका वाचताना तो तेवढा येत नाही.

आपल्याकडे तिन्हीसांजेला घरात वाईटसाईट बोलू देत नाहीत. वास्तुपुरुष ‘तथास्तु’ म्हणत असतो, नेमकं तेच खरं व्हायचं, असं आजी दटावायची. जॅक्सनला आपला वास्तुपुरुष ठाऊक असण्याचं कारण नाही, पण तिनं नेमकं असं घर लिहिलं आहे. ह्यू क्रेन नावाच्या माणसानं ते ऐंशी वर्षांपूर्वी बांधलं. त्यातला एकही कोन धड काटकोन नाही, प्रत्येक किंचित चुकलेला. त्यामुळे दारं आपोआप लागतात आणि माणसाला आपण कुठं आहोत याचा अंदाज येत नाही. असल्या घरात एक बाई येते, जिची एकच इच्छा आहे, की कुठंतरी आपली वाट पाहिली जावी. भिंतीवर अक्षरं उमटतात आणि त्यांत एलेनरचं नाव असतं. बाकीच्यांना ती धमकी वाटते. तिला आयुष्यात प्रथमच कुणीतरी नावानं बोलावलेलं असतं. घर म्हणालं, तथास्तु.

आता यात भूत आहे की नाही? लहानपणी एलेनरच्या घरावर तीन दिवस दगड पडले होते. म्हणजे हे सगळं तिच्यातूनच तर निघत नसेल? जॅक्सन दोन्ही दारं किलकिली ठेवते. वाइझच्या चित्रपटाचा पटकथाकार नेल्सन गिडिंग याचा तर पक्का समज झाला होता की हे घर वगैरे काही नाही, ही वेड्यांच्या इस्पितळातल्या एका रुग्णाची हकिकत आहे. तो थेट जॅक्सनला जाऊन भेटला. तिनं सांगितलं, कल्पना चांगली आहे, पण माझी कादंबरी खरोखरच अमानवी शक्तीबद्दल आहे. गिडिंगनं मग तसंच लिहिलं. पण त्याचा तो चुकीचा तर्क पटकथेत खोल कुठंतरी झिरपत राहिला, आणि चित्रपटाचं भलं झालं.

वाइझ मूळचा संकलक. ‘सिटिझन केन’ त्यानं संकलित केला होता. दिग्दर्शनाचे पहिले धडे त्यानं वॅल ल्यूटन या निर्मात्याच्या हाताखाली गिरवले. त्या माणसाकडे पैसे नसत, म्हणून तो सावल्यांवर भागवायचा. ‘द हॉन्टिंग’साठी वाइझकडे साधारण ११ लाख डॉलर होते. बाहेरून दिसणारं घर म्हणजे इंग्लंडमधल्या वॉरिकशर परगण्यातला एटिंग्टन पार्क, आतलं सगळं लंडनजवळच्या बोरमवुडच्या स्टुडिओत उभारलेलं. त्याला पॅनाव्हिजन कंपनीची ३० मिलिमीटरचं भिंग हवं होतं. ते अजून नीट तयार झालं नव्हतं, कडांना चित्र वाकडं येत होतं. दोष ठाऊक असूनही मी ते वापरतो आहे, असं लिहून देऊन त्यानं ते घेतलं. जॅक्सनच्या घराचे चुकलेले कोन त्याला त्या फसलेल्या भिंगात आयते सापडले. आणि ते फुगणारं दार? पातळ लाकडाचे थर एकावर एक चिकटवलेले, आणि पलीकडून दाबणारा एक दणकट माणूस. म्हणजे माझ्या चित्राचं खरं उत्तर ‘स्टुडिओतला कामगार’ असं होतं. ते लिहिलं असतं तर सरांनी दहापैकी दहा दिले असते.

वाइझनं कादंबरी जशीच्या तशी ठेवलेली नाही, हेही सांगायला हवं. पुस्तकात डॉक्टरची बायको प्लँचेट घेऊन येते आणि भुतांना जणू शिकवणीच लावते, तो भाग अतिशय विनोदी आहे. चित्रपटात तीच बायको कशावरही विश्वास नसलेली झाली आहे. डॉक्टरचं आडनावही बदललं. तेव्हा मूळ पुस्तकाशी इमान राखलं नाही, ही तक्रार १९९९च्या चित्रपटाविरुद्ध मला करायची नाही. आपल्या नारायण धारपांनी स्टीफन किंगची ‘सेलम्स लॉट’ उचलून ‘लुचाई’ लिहिली, आणि त्यातलं भय इथल्या मातीतलं वाटतं. बदल करण्यात पाप नाही.

आता १९९९. दिग्दर्शक यान द बाँट. हा माणूस छायाचित्रणातला उस्ताद, ‘डाय हार्ड’चा कॅमेरा त्याचाच. मग ‘स्पीड’ आणि ‘ट्विस्टर’ त्यानं दिग्दर्शित केले. निर्मिती ड्रीमवर्क्सची, अंदाजपत्रक ८ कोटी डॉलरचं. लिअम नीसन, कॅथरीन झीटा-जोन्स, ओवेन विल्सन, आणि एलेनरच्या भूमिकेत लिली टेलर. संगीत जेरी गोल्डस्मिथचं. बाहेरून दिसणारा वाडा इंग्लंडमधल्या लिंकनशर परगण्यातला हार्लॅक्स्टन मॅनर. आतलं घर मात्र युजेनियो झानेत्ती या कलादिग्दर्शकानं कॅलिफोर्नियात लाँग बीचला उभारलं. हॉवर्ड ह्यूजचं ते अवाढव्य लाकडी विमान, ‘स्प्रूस गूज’, ज्या घुमटाखाली ठेवलं होतं, तिथं. विमानाच्या जागी घर मावलं, यावरून आकाराची कल्पना करा.

दिवाळीच्या सुट्टीत मी गावी आलो होतो. सर तोवर निवृत्त झाले होते. आम्ही दोघं मिळून हा सिनेमा पाहिला. पहिला अर्धा तास सर खुर्चीच्या टोकावर बसून होते. माणूस उभा मावेल एवढी शेकोटी, सिंहाची मुंडकी, पलंगाच्या उशाकडच्या फळीवर आणि कमानींवर कोरलेले बालकांचे चेहरे, पाण्यानं भरलेला बोळ आणि त्यात पाय ठेवायला ओळीनं मांडलेली पुस्तकं, आरशांची फिरती खोली. ‘कोरीवकाम बघ, कोरीवकाम!’ असं ते मला कोपरानं ढोसत होते. यात त्यांना मोठी सोबत होती. रॉजर इबर्टसारख्या समीक्षकानं, इतरांनी झोडपलेल्या या सिनेमाला, मुख्यतः या घरापायी तीन तारे दिले होते. मीही मानतो, इतकं श्रीमंत भुताळी घर पडद्यावर क्वचितच पाहायला मिळतं.

मग ते कोरलेले चेहरे हलायला लागले. पडद्यांतून आणि चादरींतून पोरांची तोंडं उमटायला लागली. कारंज्यातला पुतळा माणसाला पाण्यात बुडवायला निघाला. शेकोटीतल्या सिंहानं ओवेन विल्सनचं मुंडकं उडवलं, तेव्हा थेटरात हशा पिकला. मी सरांकडे पाहिलं. ते हसत नव्हते, चष्मा पुसत होते.

संगणकानं काढलेली भुतं हास्यास्पद होती, हे खरंच. पण खरा घोटाळा त्याहून आधी, कागदावर झाला होता. डेव्हिड सेल्फच्या पटकथेत ह्यू क्रेन हा कापडगिरण्यांचा मालक आहे. लहान पोरांना राबवून, छळून त्यानं मारलेलं आहे. ती पोरं घरात अडकली आहेत. आणि एलेनरला जुन्या वह्या चाळताना शोध लागतो, की आपण क्रेनच्या दुसऱ्या बायकोच्या वंशातल्या आहोत. म्हणजे पोरांनी तिला बोलावलं ते सोडवणूक करण्यासाठी. शेवटी ती क्रेनच्या भुताला धातूच्या प्रचंड दारापाशी ओढत नेते, स्वतः मरते, आणि तिचा आत्मा पोरांच्या आत्म्यांसकट वर निघून जातो.

नीट पाहा, काय झालं ते. जॅक्सनच्या एलेनरला जे हवं होतं ते सगळं या पटकथेनं तिला खरोखरच देऊन टाकलं. तिला कूळ दिलं, कर्तव्य दिलं, पोरं दिली. तिची वाट पाहणारी माणसं निघाली. ‘तथास्तु’ घरानं म्हणायचं होतं, इथं स्टुडिओनंच म्हटलं. एकदा ती वारस ठरल्यावर तिच्या एकटेपणात भीतीदायक काही उरत नाही, आणि घराच्या हाकेत लबाडी उरत नाही. आईचं ठोठावणं या सिनेमातही आहे, पण पुढं क्रेनचं भूत पडद्यावर आलं की प्रत्येक धडकेला मालक मिळतो. कादंबरीत मध्यरात्री भिंत वाजते तेव्हा एलेनर झोपेत आईला ‘आले’ म्हणून ओ देते. त्या एका ओ देण्यात तिचा सगळा अपराध आहे. मालक ठरलेल्या धडकेत तो मावत नाही.

लिली टेलरबद्दल मला खरंच हळहळ वाटते. तिचा चेहरा या भूमिकेसाठीच घडवल्यासारखा आहे, अवघडलेला, थोडा आशाळभूत. १९६३ साली ज्युली हॅरिस हीच भूमिका करत होती, तेव्हा ती सेटवर इतरांपासून फटकून राहायची. थिओडोराची भूमिका करणाऱ्या क्लेअर ब्लूमला वाटलं, आपलं काही चुकलं. चित्रीकरण संपल्यावर हॅरिस भेटवस्तू घेऊन तिच्या घरी गेली आणि उलगडा केला, भूमिकेसाठी एकटं राहावं लागत होतं म्हणून. टेलरला असं एकटं राहायची सोयच नव्हती. पटकथेनं तिच्याभोवती भुतांची पाळणाघरं मांडली होती.

एक चांगला धागाही त्यांनी वाया घालवला. इथला डॉक्टर निद्रानाशाचा अभ्यास करतोय असं खोटं सांगून माणसांना बोलावतो, आणि खरं तर त्याला भीतीवर प्रयोग करायचे असतात. यात केवढा ऐवज होता! घर लबाड की डॉक्टर, हा संशय शेवटपर्यंत ताणता आला असता. पण भुतं दिसायला लागल्यावर डॉक्टरचा खोटेपणा किरकोळ गुन्हा होऊन बाजूला पडतो.

द बाँटचाच ‘ट्विस्टर’ मी तीनदा पाहिला आहे. तिथं संगणकी चक्रीवादळ विलक्षण परिणाम करतं, कारण वादळाला हेतू नसतो. ते का आलं, कुणाचा सूड घेतंय, असं कुणी विचारत नाही. हिल हाउसही तसंच होतं. ते बांधलं गेलं तेव्हापासूनच तसं होतं, एवढंच जॅक्सन सुचवते. वादळाच्या दिग्दर्शकानं घराला मात्र पूर्वेतिहास आणि खलनायक चिकटवला, याचं मला आजही नवल वाटतं.

त्या उन्हाळ्यातला योगायोग पाहा. हा चित्रपट अमेरिकेत २३ जुलै १९९९ला लागला. त्याच महिन्यात ‘द ब्लेअर विच प्रोजेक्ट’ आला. त्याच्या मूळ चित्रीकरणाचा खर्च लाख डॉलरच्याही आत होता, पडद्यावर झाडं, काळोख आणि रडणारी तीन माणसं, आणि जगभर कमाई २४ कोटी डॉलरच्या वर. ६ ऑगस्टला मनोज नाइट श्यामलनचा ‘द सिक्स्थ सेन्स’ आला. त्यात भुतं राजरोस दिसतात, जखमांसकट. तरी ते घाबरवतात आणि रडवतातही. म्हणूनच मी मघाशी म्हटलं, ‘भूत दाखवलं’ हा अर्धाच गुन्हा आहे. द बाँटचा चित्रपट तरी कुठं बुडाला? जगभरात त्यानं १७ कोटींहून जास्त कमावले. फक्त तो कुणाच्या स्वप्नात आला नाही.

स्टीफन किंगनं ‘डान्स मकाब्र’ या १९८१च्या पुस्तकात वाइझच्या त्या बंद दाराचा बराच काथ्याकूट केला आहे. दार उघडून दहा फुटी किडा दाखवला की प्रेक्षक किंचाळतो खरा, पण मनात सुटकेचा श्वास टाकतो, कारण त्याला शंभर फुटी किड्याची धास्ती होती. असं असूनही, केव्हातरी दार उघडावंच, अशा मताचा किंग स्वतः आहे. नुसतं बंद दार दाखवत राहणं त्याला पळवाट वाटते. हा वाद मला सोडवता येत नाही. पण दार उघडायचंच असेल तर दारामागं जो असेल त्याचं एलेनरशी काहीतरी नातं असावं, आणि ते रक्ताचं नसावं, एवढं मी म्हणेन.

कादंबरीच्या शेवटी मंडळी एलेनरला घराबाहेर काढतात, तिच्याच भल्यासाठी. तेव्हा ती कबूल करते की माझं घरबिर काही नाही, बहिणीकडे एका खाटेवर झोपते. त्यांना दया येते, आणि ते तिचं सामान गाडीत ठेवतात. ती गाडी भरधाव झाडावर घालते. आदळण्याच्या आधीच्या निमिषात जॅक्सन तिला एकदम भानावर आणते, आणि मग गोष्ट थांबते. घर आधी होतं तसंच उभं राहतं. १९९९ला त्या निमिषाचं काय करावं हे कळलं नाही, म्हणून त्यांनी स्वर्गाची सोय केली.

त्या रात्री सिनेमा सुटल्यावर आम्ही स्टँडवर चहा घेतला. मी तावातावानं भुतांना शिव्या घालत होतो. सरांनी बशीतला चहा संपवला आणि म्हणाले, ‘अरे, एवढं मोठं घर बांधलं त्यांनी, पण त्या पोरीला एक खोली नाही दिली.’ मग बराच वेळ ते त्या शेकोटीवरच्या कोरीवकामाबद्दलच बोलत राहिले. पाकिटाच्या मागच्या बाजूला त्यांनी मला सिंहाचं एक मुंडकंही काढून दाखवलं.

माझं बोलणं इथं संपलं. ठरल्याप्रमाणे आता १९६३च्या चित्रपटातला तो दाराचा प्रसंग दाखवणार आहोत, जेमतेम काही मिनिटांचा. तंत्रज्ञ मित्रांना विनंती, आवाज थोडा वाढवा आणि मधले दिवे घालवा. आणि डाव्या बाजूला बसलेल्यांपैकी कुणीतरी ते दार तेवढं लावून घ्या. मघापासून दोनदा उघडलंय ते.